तुला वाटेल ते दे
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात दहावी १९८४ च्या तुकडीतर्फे केलेले भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला होता, ‘सानगडी ते अमेरिका : माझी वाटचाल’. मी दोन-तीनदा कागद घेऊन बसलो, पण जमलं नाही. त्या वाटचालीत सांगण्यासारखं फारसं नाही. साकोलीहून एसटी, नागपूरहून रेल्वे, पुण्यात चार वर्षं इंजिनिअरिंग आणि मग विमान, एवढंच. म्हणून मी आज एका भाड्याच्या व्यवहाराबद्दल बोलणार आहे. भाड्याने दिली ती वस्तू जरा वेगळी आहे, पण व्यवहार तुमच्या ओळखीचा आहे. इथे बसलेल्यांपैकी निम्म्यांनी ट्रॅक्टर तरी भाड्याने दिला असेल, नाहीतर घेतला तरी असेल.

माझ्याकडे एक ग्लायडर आहे. ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेलं विमान. दुसरं विमान दोर बांधून त्याला वर नेतं, साधारण सहाशे मीटरवर सोडतं, आणि पुढे तुम्ही आणि हवा. तापलेल्या जमिनीवरून गरम हवेचा झोत वर उठतो, त्यात गिरक्या घेत चढायचं आणि मग पुढचा झोत सापडेपर्यंत घसरत जायचं. हे मी तुम्हाला शिकवायची गरज नाही. आपण किल्ल्याच्या पडक्या भिंतीवर बसून चैत्र-वैशाखात घारी पाहिल्यात. घार पंख हलवत नाही आणि तरी वर वर जाते, हे कसं, असं मी विज्ञानाच्या सरांना विचारलं होतं. सर म्हणाले होते, “ती आळशी आहे, म्हणून तिला अक्कल आली.” सर आज इथे आहेत. सर, अजून यापेक्षा चांगलं उत्तर मला कुणी दिलेलं नाही.

पहिल्यांदा ग्लायडरमध्ये बसलो ते पुण्याला, हडपसरच्या ग्लायडिंग केंद्रात. ते तेव्हा सरकारी केंद्र होतं. तिथे विमान ओढत नसे, दूर उभं केलेलं विंच लोखंडी दोर गुंडाळायचं आणि पतंगासारखं तुम्हाला वर खेचायचं. त्या काळी आपल्या देशातच बनवलेली ग्लायडर होती, नागरी विमान वाहतूक खात्याच्या तांत्रिक केंद्राने आखलेली, आणि त्यांची नावं ठेवली होती नक्षत्रांवरून. अश्विनी, भरणी, रोहिणी, मृगशीर, आर्द्रा. मी बसलो ते रोहिणी. नाव ऐकून मला हसू आलं, कारण आमच्या घरी रोहिणी म्हणजे धानाचे पऱ्हे टाकायची तयारी. पाच-सात मिनिटांत खाली आलो, पण डोक्यातून ते गेलं नाही. तिथे ग्लायडर केंद्राचं, शिकवणारे केंद्राचे, आपण फक्त पैसे भरायचे. आपलं ग्लायडर दुसऱ्याला द्यावं का, हा प्रश्न तिथे यायचं कारणच नव्हतं.

तो प्रश्न आला अमेरिकेत. मी पेनसिल्व्हेनियात राहतो. तिथून जवळ, न्यूयॉर्क राज्यात एल्मायरा म्हणून गाव आहे, तिकडच्या ग्लायडरवाल्यांची पंढरीच. तिथे ग्लायडरचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. तिकडे सामान्य माणूसही ग्लायडर विकत घेऊ शकतो, जुनं घेतलं तर चांगल्या गाडीच्या किमतीत. २००९ साली मी एक घेतलं, जर्मनीतल्या ग्रोब कंपनीचं अस्टिर, १९७७ ची बनावट. एका माणसाचं. पंखांची लांबी टोकापासून टोकापर्यंत १५ मीटर, रिकामं वजन अडीचशे किलोच्या आसपास. वारा नसेल तर एक किलोमीटर उंचीवरून ते पस्तीस-छत्तीस किलोमीटर जातं. म्हणजे सानगडीवर सोडलं तर साकोली सहज गाठेल. दोन्ही पंख काढून ते लांबलचक ट्रेलरमध्ये ठेवता येतं, आणि दर वेळी उडण्याआधी जोडावं लागतं.

क्लबात एक म्हातारा अमेरिकन होता, सुतारकाम करणारा. चाळीस वर्षं ग्लायडर उडवत होता. मला अस्टिर जोडायला त्यानेच शिकवलं. वर हवेचा झोत सापडला नाही तर ग्लायडर जिथे जागा मिळेल तिथे उतरवावं लागतं, कुणाच्या तरी शेतात. मग कुणीतरी ट्रेलर घेऊन तिथे यायचं, पंख काढायचे आणि घेऊन जायचं. माझ्यासाठी तो असा सात वेळा आला. एकदा रात्री दहा वाजता, पावसात, आणि त्या शेतकऱ्याच्या बायकोने दिलेला केक खात आम्ही दोघांनी पंख उतरवले. अशा माणसाला नाही कसं म्हणणार?

२०१३ च्या जुलैत त्याचं स्वतःचं ग्लायडर विकून झालं होतं आणि माझ्या घरी मुलीच्या पदवीदानाची गडबड होती. महिनाभर मी उडणार नव्हतो. तो म्हणाला, तुझं उभंच आहे, मला भाड्याने दे. किती घेशील? आणि मी ते वाक्य बोललो जे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. म्हटलं, तुला वाटेल ते दे.

तिसऱ्या रविवारी त्याला हवा सापडली नाही. तो एका कापलेल्या गवताच्या शेतात उतरला. उतरणं चांगलं होतं, पण शेजारी मका उभा होता. डाव्या पंखाचं टोक मक्यात अडकलं आणि ग्लायडर जागच्या जागी गर्रकन फिरलं. बंडीचं एक चाक चिखलात रुतलं आणि बैल ओढतच राहिले तर बंडी कशी आडवी होते, तसंच. त्याला खरचटलंही नाही. पण फिरताना शेपटीकडच्या लांब नळीसारख्या भागाला तडा गेला. त्याने फोन केला, मी गेलो, आम्ही पंख काढले. त्या दिवशी केक कुणी दिला नाही.

मला वाटलं, विमा आहे. विमा होता. पण विम्याच्या कागदात पायलट म्हणून नाव एकट्या माझं. दुसरं कुणी चालवलं तर त्याने नेमक्या त्याच प्रकारचं ग्लायडर ठरावीक तास उडवलेलं असावं, अशी अट होती. चाळीस वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाचे अस्टिरवरचे तास होते चार. मी ती अट कधी वाचली नव्हती. त्यालाही कधी विचारलं नव्हतं की बाबा, तू हे किती उडवलंस? त्याला विचारणं मला उद्धटपणा वाटला असता. कंपनीने नकार दिला. कायद्याने त्यांचं बरोबर होतं, हे मला आजही मान्य आहे.

आणखी एक गोष्ट तेव्हा कळली, ती ट्रॅक्टरवाल्यांनीही ऐकून ठेवावी. समजा, विमा कंपनीने मला पैसे दिले असते, तरी प्रकरण तिथे संपलंच असतं असं नाही. मालकाला भरपाई दिली की नुकसान करणाऱ्याकडून ते वसूल करण्याचा मालकाचा हक्क कंपनीकडे जातो. म्हणजे मला पैसे मिळाले असते आणि माझ्या मित्राच्या दारात कंपनीचा वकील उभा राहू शकला असता. मालकाचा विमा म्हणजे भाडेकरूचा विमा नव्हे. तिकडे दुसऱ्याचं विमान उडवणाऱ्यासाठी वेगळा विमा मिळतो, तो भाडेकरूने काढायचा असतो. हे मला चार वर्षं मालक असून माहीत नव्हतं.

दुरुस्तीला पाच महिने आणि ७,४०० डॉलर लागले. म्हाताऱ्याने विचारलं, किती देऊ? आणि मी, इंजिनिअर झालेला, रोज दुसऱ्यांच्या निविदांवर आकडे टाकणारा माणूस, पुन्हा तेच म्हणालो. तुला वाटेल ते. त्याने २,००० चा चेक पाठवला. मी तो पाहिला आणि माझ्या मनात आलं ते इथे गुरुजनांसमोर सांगण्यासारखं नाही. मी चेक बँकेत भरला नाही, परतही केला नाही, ड्रॉवरमध्ये टाकला. नंतर तिसऱ्याकडून कळलं की त्याने हातातलं काम सोडून तेवढी रक्कम जमवली होती, आणि मी चेक भरला नाही म्हणजे मी त्याचा अपमान केला, असं त्याला वाटलं. सहा महिने उलटले की तिकडे बँक जुना चेक घ्यायला बांधील नसते. तो तसाच जुना झाला. म्हाताऱ्याने क्लब सोडला. तो परत आला नाही.

त्या हिवाळ्यात एकदा फोनवर मी हे मायला सांगितलं. तिला ग्लायडर म्हणजे काय ते नीटसं माहीत नव्हतं, पण तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तुझ्या बाबांनी बैलाचं असंच केलं होतं.”

आता जे सांगणार आहे ते मी ज्याच्याबद्दल आहे त्याला काल विचारूनच सांगतो आहे. तो दुसऱ्या रांगेत बसला आहे. पाचवीपासून आम्ही एका बाकावर बसायचो. १९८० चा आषाढ, आम्ही सातवीत होतो. त्यांच्या घरचा एक बैल त्या वर्षी गेला होता आणि रोवणी तोंडावर. त्याच्या बाबांनी आमची जोडी दोन दिवस चिखलणीला मागितली. पैशाचं बोलणं नव्हतं. बदल्यात त्यांच्या घरच्या दोघी आमच्या रोवणीला येतील, बाकी काय ते तुला वाटेल ते दे, असं आमचे बाबा म्हणाले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी धुरा ओलांडताना उजव्या बाजूच्या बैलाचा पाय मुरगळला आणि तो बसला. नंतर तो बैल कामाचा राहिला नाही.

त्याचे बाबा म्हणाले, बैल आणला तेव्हापासूनच लंगडत होता. आमचे बाबा म्हणाले, अंधार पडेस्तोवर जुंपून ठेवलात. दोघेही खरं बोलत असतील. मला एवढंच आठवतं, की जोडी सोडून नेली त्या सकाळी मी तिथेच उभा होतो, आणि बैलाचा खूर ना देणाऱ्याने उचलून पाहिला, ना नेणाऱ्याने. तसं पाहणं म्हणजे अविश्वास दाखवणं झालं असतं. पाहिला असता तर भांडायला जागाच नव्हती.

पुढचं वर्गातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. तो बाक सोडून खिडकीकडे जाऊन बसला. दहावीपर्यंत आम्ही एकमेकांशी बोललो नाही. बाईंनी एकदा दोघांना एकत्र वर्ग झाडायला लावला, तेव्हा अर्धा वर्ग त्याने झाडला, अर्धा मी, आणि मधला कचरा तसाच राहिला.

मायने फोनवर मला जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं. त्याचे बाबा दिवाळीनंतर धान विकून दोनदा आमच्याकडे पैसे घेऊन आले होते. दोन्ही वेळा त्यांनी विचारलं, किती देऊ? आणि दोन्ही वेळा आमचे बाबा म्हणाले, तुम्हाला वाटेल ते. आकडा सांगितला तर आपण पैशासाठी रागावलो असं होईल, अशी बाबांची भीती. कमी दिले तर दुखवू आणि जास्त दिले तर चूक कबूल केल्यासारखं होईल, अशी त्यांची. पैसे दोन्ही वेळा परत गेले.

मित्रांनो, मी सातासमुद्रापार जाऊन, इंग्रजीत, तेच वाक्य बोललो होतो.

त्यानंतर तीन वर्षं मी ग्लायडर कुणाला दिलं नाही. मग २०१६ मध्ये क्लबातली एक तरुण मुलगी, शाळेत गणित शिकवणारी, माझ्याकडे आली. तिला स्वतःचं घेणं परवडणार नव्हतं. क्लबाच्या ग्लायडरवर शनिवार-रविवारी रांग लागायची. मी आधी नाही म्हटलं. पण ग्लायडर उभं ठेवायचाही खर्च असतो. तिकडच्या नियमाप्रमाणे दर बारा महिन्यांनी अधिकृत तपासणी करावी लागते, पॅराशूट दर १८० दिवसांनी उघडून पुन्हा घडी करून घ्यावं लागतं, जागेचं भाडं, विम्याचा हप्ता. मी वर्षाला वीस-बावीस तास उडत होतो आणि पैसे मात्र वर्षभराचे भरत होतो. शेवटी म्हटलं, ये, पण आधी बसून बोलू.

आम्ही माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर एक अख्खी संध्याकाळ बसलो. माझ्या बायकोने पोहे केले. दोन पानांचा करार झाला. सगळा वाचून दाखवत नाही, पण त्यातल्या काही गोष्टी सांगतो, कारण मला त्या बोलताना किती अवघड गेल्या ते आठवतं. पहिल्यांदा तिचे तास विचारले, कोणत्या ग्लायडरवर किती, आणि तिने लॉगबुक आणून समोर ठेवलं. तिला त्यात काही वाईट वाटलं नाही! मीच उगाच तीन वर्षं त्या प्रश्नाला घाबरत होतो. मग विमा कंपनीला फोन. मला भीती होती की भाड्याने देतो म्हटलं की ते नकार देतील. मी घेतलेला विमा फक्त हौसेने उडण्यासाठीचा होता, त्यात भाड्याने द्यायला परवानगी नव्हती. त्यांनी तिचं नाव पायलट म्हणून घातलं, हप्ता थोडा वाढला, आणि तिच्याकडून वसुली करणार नाही असंही लिहून दिलं. तो वाढीव हप्ता तिने भरायचा, हे ठरलं. नुकसान झालं तर विम्याआधीचे पहिले १,००० डॉलर मालकाच्या खिशातून जातात. ते कोण देणार? ज्याच्या हातात ग्लायडर होतं तो. वर ओढून नेणाऱ्या विमानाचे पैसे तिचे. तासाचा दर ४० डॉलर. हा आकडा मी मोठ्याने बोललो तेव्हा माझे कान गरम झाले होते.

एका कलमावर आमचं जमेना. ती म्हणाली, कुठल्याही शेतात उतरायची वेळ येईल तर उतरू शकते ना? मी म्हटलं, नाही, विमानतळाच्या टप्प्यातच राहायचं. ती म्हणाली, मग लोक टप्प्यात राहण्यासाठी उंची कमी असतानाही ताणून परत यायचा प्रयत्न करतात आणि झाडांवर आदळतात. तिचं बरोबर होतं. ते कलम काढलं. त्याच्या जागी लिहिलं की शेतात सुरक्षित उतरल्याबद्दल कुणीही नाराज होणार नाही आणि ट्रेलर घेऊन मालक स्वतः येईल. हे एकच कलम मला त्या म्हाताऱ्याने शिकवलं होतं. त्याचं नाव मी तिला सांगितलं.

आणि शेवटचं कलम. ग्लायडर देताना आणि परत घेताना दोघांनी मिळून त्याच्याभोवती फिरायचं, पंखाच्या टोकापासून शेपटीपर्यंत, आणि जो ओरखडा दिसेल तो वहीत लिहायचा, दोघांनी सही करायची. जोडल्यावर एकाने पंखाचा हलणारा भाग हाताने धरायचा, दुसऱ्याने आत बसून काठी हलवायची आणि खरंच जोर लागतो का ते पाहायचं. कंट्रोल जोडायचे राहिले म्हणून माणसं मेली आहेत. कायद्याने ग्लायडर उडण्याजोगं राखणं ही मालकाची जबाबदारी, आणि ते त्या क्षणी सुरक्षित आहे की नाही हे पाहणं पायलटची. दोघांची जबाबदारी असली की दोघेही दुसऱ्याने पाहिलं असेल असं धरून चालतात. म्हणून आम्ही एकत्र फिरतो. मनातल्या मनात मी त्याला ‘खूर पाहणं’ म्हणतो. एकदा तिला ते सांगितलं, बैलाची गोष्टही सांगितली. आता ती ट्रेलर उघडला की आपल्या उच्चारात ‘खूर’ म्हणते.

दुसऱ्या हंगामात तिच्या हातून कॉकपिटवरचं काचेसारखं झाकण वाऱ्याने आपटलं आणि तडकलं. तासाभरात तिचा फोन आला. मी काही म्हणायच्या आत ती म्हणाली, करारात काय आहे ते मला माहीत आहे. आठवड्यात चेक आला. मी तो त्याच दिवशी बँकेत भरला. पुढच्या रविवारी आम्ही दोघं मैदानावर होतो, आणि आमच्यात बोलण्यासारखं दुसरं खूप काही होतं.

म्हाताऱ्याला मी २०१७ मध्ये पत्र लिहिलं. त्यात आकडा लिहिला. त्याने दिलेला चेक पुरेसा होता, आणि तो न भरणं ही माझी चूक होती, असं लिहिलं. उत्तर त्याच्या मुलीकडून आलं, छोटंसं. वडील वाचतात पण लिहीत नाहीत, पत्र त्यांना वाचून दाखवलं, एवढंच. त्यापुढे काही नाही.

काल संध्याकाळी आम्ही दोघं, मी आणि माझा बाकमित्र, किल्ल्यावर गेलो होतो. त्याचे बाबाही नाहीत, माझेही नाहीत. तलावावर दोन घारी होत्या. त्याला मी हे सगळं सांगितलं, इथे बोलू का म्हणून विचारलं. तो म्हणाला, बोल ना गा, त्यात काय. आमच्या बाबाने ते पैसे मग मांडवाला लावले, बहिणीच्या लग्नात. मग बराच वेळ तो काही बोलला नाही. त्याच्याकडे आता दोन ट्रॅक्टर आहेत, चिखलणीत दोन्ही भाड्याने फिरतात. त्याने मला विचारलं, तासाचे चाळीस डॉलर म्हणजे रुपयात किती? मी सांगितलं. त्याने आकाशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“काहून गा,” तो म्हणाला, “मला डिझेल तरी लागते. तुझं तर हवेवर चालते, तरी एवढं?”